प्रयोगशाळा भोसरीत, परीक्षा चाकणमध्ये

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक परिसरात मोटारी तयार होतात, यंत्रांचे सुटे भाग तयार होतात, औषधे तयार होतात, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. परंतु याच परिसरात, भोसरीच्या वसाहतीत, तीन दशकांहून अधिक काळ एक अशी संस्था काम करीत आहे, की जिच्या आवारातून मालाने भरलेली एकही मालमोटार बाहेर पडत नाही. आणि तरीही वैद्यकशास्त्राची दिशा बदलणाऱ्या एका मोठ्या शोधात तिचा वाटा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९२ साली स्थापन केलेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेली ‘नारी’, ती हीच. अलीकडे तिचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च असे झाले आहे. नाव बदलले, कार्य तेच आहे. एच.आय.व्ही. या विषाणूची लागण रोखावी कशी, या प्रश्नाचा ध्यास या संस्थेने घेतला आणि जगातील इतर संशोधकांच्या जोडीने त्याच्या उत्तरापर्यंत मजलही मारली. ते उत्तर घेऊन आपण काय केले, याचा हिशेब आज आम्हांला मांडावयाचा आहे.

या रोगाची आपल्या देशातील कथा १९८६ साली सुरू झाली. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते वेल्लोरच्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि हा विषाणू भारतात येऊन पोहोचला आहे हे सिद्ध झाले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेस स्थायिक झालेल्या एका मराठी घराण्यातील. त्यांनी धोक्याची घंटा वाजविली, तेव्हा आपल्या सुशिक्षित समाजाने कानांवर हात ठेवले. हा पाश्चात्त्यांचा रोग, दुराचाऱ्यांचा रोग. आमच्या सोज्ज्वळ संसारांना त्याची काय भीती, अशी त्या वेळची भाषा होती.

त्या भाषेला पहिला सज्जड तडाखा पुण्याच्याच संशोधनाने दिला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांतील ५२५ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना लागण झालेली आढळली. या आकड्याचे कोणास फारसे नवल वाटले नसते. परंतु उरलेल्या ३९१ स्त्रियांचा त्या व्यवसायाशी काही संबंध नव्हता; बहुतेक विवाहित, पतीखेरीज कोणा पुरुषाशी संबंध न आलेल्या. त्यांच्यातही शेकडा १३.६ जणींच्या रक्तात विषाणू सापडला. १९९७ साली हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आलेल्या या स्त्रिया म्हणजे सर्व समाज नव्हे, हे खरे. पण एक गोष्ट त्यातून निर्विवाद झाली. पातिव्रत्य हे कवच होऊ शकत नाही. कारण लागण घराबाहेरून येते आणि ती आणणारा बहुधा स्वतःही त्याविषयी अनभिज्ञ असतो. नीतीचे पाठ देऊन हा रोग हटणार नाही, त्याला शास्त्रच पाहिजे, हे त्या आकड्यांनी सांगितले.

शास्त्राची वाट मात्र सरळ नव्हती. २००५ च्या फेब्रुवारीत भारतातील एच.आय.व्ही. प्रतिबंधक लसीची पहिली मानवी चाचणी भोसरीच्या याच संस्थेने सुरू केली. भारतात आढळणाऱ्या विषाणूच्या ‘सी’ उपप्रकाराचे काही जनुकीय अंश एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून ती लस तयार केली होती. तीस निरोगी स्वयंसेवक पुढे आले. ज्या रोगाचे नाव घेण्यासही लोक कचरत, त्याच्या लसीसाठी आपला दंड पुढे करण्यास धैर्य लागते. लस निर्धोक ठरली, पण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण करू शकली नाही. त्यानंतरही जगात अनेक लसी आल्या आणि गेल्या. हा विषाणू आपले रूप इतक्या झपाट्याने पालटतो, आणि शिरकाव होताच आपल्याच पेशींच्या जनुकांत असा दडी मारून बसतो, की आजतागायत परिणामकारक लस हाती आलेली नाही.

दुसरा प्रयत्न स्त्रियांच्या हाती साधन देण्याचा होता. पती निरोध वापरण्यास राजी नसेल, तर पत्नीने स्वतःचे रक्षण करावे कसे? यासाठी टेनोफोविर या औषधाचे मलम तयार करण्यात आले. ते निर्धोक आहे की नाही हे पाहण्यासाठी पुण्याच्या स्त्रियांनी न्यूयॉर्क व अलाबामातील स्त्रियांबरोबर चाचणीत भाग घेतला. पुढे २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीत या मलमाने लागण शेकडा ३९ ने घटल्याचे दिसले आणि आशा पल्लवित झाल्या. परंतु २०१५ साली त्याच देशातील मोठ्या चाचणीत हा लाभ टिकला नाही. अनेक स्त्रियांना ते नियमाने वापरणेच जमले नव्हते. घरातील गर्दी, एकांताचा अभाव, यांपुढे औषधाचे गुण दुबळे पडले. ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला गुण माणसाच्या राहणीत उतरला नाही, तर तो निष्फळ होतो. आमच्या पुढील विवेचनाचा सारा रोख याच मुद्द्यावर आहे.

ज्या शोधाने चित्र पालटले तो २०११ साली जाहीर झाला. ‘एच.पी.टी.एन. ०५२’ या रुक्ष नावाने ती चाचणी ओळखली जाते. नऊ देशांतील तेरा केंद्रांवर १,७६३ दांपत्ये तीत सहभागी झाली. प्रत्येक जोडप्यातील एकाला लागण होती, दुसरा निरोगी होता. भारतातील केंद्रे दोनच शहरांत होती, पुणे आणि चेन्नई. पुण्याचे काम भोसरीच्या संस्थेने पाहिले. प्रश्न असा होता : लागण झालेल्या जोडीदारास, त्याची प्रकृती ढासळण्याची वाट न पाहता, आरंभापासूनच औषधे दिली तर दुसऱ्याचे रक्षण होते काय? निम्म्या जोडप्यांत औषधे ताबडतोब सुरू केली. उरलेल्यांत, त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे, रुग्णाची प्रतिकारशक्ती ठराविक मर्यादेखाली उतरल्यावर. समुपदेशन आणि निरोध सर्वांनाच मिळत होते. विषाणूंच्या जनुकांची तुलना करून, जोडीदाराकडूनच झालेल्या अशा २८ संसर्गांची निश्चिती झाली. त्यांतील २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होते आणि केवळ १ ताबडतोब औषध मिळालेल्या गटात. संसर्ग शेकडा ९६ ने घटला होता. देखरेख करणाऱ्या समितीने निकाल तत्काळ जाहीर करण्यास सांगितले आणि दुसऱ्या गटालाही औषधे देऊ करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षातही हे प्रमाण शेकडा ९३ इतके टिकून राहिले.

याचा अर्थ काय, हे साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. ही औषधे विषाणूची पैदास थांबवितात. काही महिने ती नियमाने घेतली की रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके घटते, की तपासणीतही तो सापडत नाही. आणि जोवर ही स्थिती टिकते तोवर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जे औषध रुग्णाला जगविते, तेच त्याच्या जोडीदारास वाचविते. उपचार आणि प्रतिबंध यांतील भिंत कोसळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली आणि भारत सरकारने २०१७ साली, लागण आढळलेल्या प्रत्येकास विनाविलंब औषधे द्यावीत असे धोरण स्वीकारले. आपल्या देशात ही औषधे सरकारी केंद्रांतून २००४ सालापासून मोफत मिळतात.

जे निरोगी आहेत पण ज्यांना धोका आहे, त्यांच्यासाठीही शास्त्राने दुसरी वाट काढली आहे. निरोगी माणसाने आधीच प्रतिबंधक गोळी घ्यावी, हा उपाय २०१० पासूनच्या चाचण्यांनी सिद्ध केला. भारतात त्याची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली निघाली. २०२४ साली तर याहून विस्मयकारक वार्ता आली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील चाचणीत ज्या २,१३४ तरुणींना लेनाकापाविर या औषधाचे इंजेक्शन वर्षातून दोनदा देण्यात आले, त्यांपैकी एकीलाही लागण झाली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत या प्रतिबंधक इंजेक्शनास मान्यता मिळाली. गरीब देशांसाठी ते स्वस्तात बनविण्याचा परवाना ज्या सहा कंपन्यांना देण्यात आला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला आणि पेनिसिलीनसाठी परदेशाकडे पाहण्याची पाळी संपण्यास आरंभ झाला, त्या परंपरेशी हे सुसंगतच आहे.

मग अडले कोठे? या साऱ्या उपायांची साखळी एका कडीला अडकविलेली आहे, आणि ती कडी म्हणजे रक्ततपासणी. ज्याला आपल्याला लागण आहे हे ठाऊक नाही, त्याला औषध मिळणार नाही. ज्याला औषध नाही, त्याच्या पत्नीचे रक्षण नाही. प्रतिबंधक गोळी वा इंजेक्शन देण्यापूर्वीदेखील तपासणी अनिवार्य आहे. माणूस तपासणीच्या दारापर्यंत आला, तर पुढचे सारे शास्त्र त्याच्या सेवेस हजर आहे. तो आला नाही, तर भोसरीतील शोध त्याच्यापुरता झालाच नाही असे समजावे.

तो का येत नाही, याचे उत्तर चाकणच्या रस्त्यावर सकाळी पाळी सुरू होण्याच्या सुमारास जो उभा राहील त्याला मिळेल. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेले हजारो तरुण तेथे कंत्राटावर राबतात. एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण राहतात. बायको गावी असते. आज आहे ती नोकरी पुढल्या महिन्यात राहील की नाही, याची शाश्वती नसते. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतील मालमोटारीचा चालक महिन्यातील बहुतेक रात्री घराबाहेर काढतो. अशा माणसाने रजा टाकून, दिवसाचा रोज बुडवून तपासणीस जावे, आणि लागण निघाल्यास ती बातमी मुकादमाच्या कानी जाऊन फाटकावरचा पास जप्त होण्याची धास्ती बाळगावी, अशी त्याची स्थिती आहे. त्याला अज्ञानी म्हणणे सोपे आहे. पण तो अज्ञानापोटी टाळाटाळ करीत नाही. नोकरी गेली तर चूल विझेल, हा हिशेब त्याला आपल्यापेक्षा अधिक चांगला कळतो.

सरकारी परिभाषेत मालमोटारचालकांना आणि स्थलांतरित कामगारांना ‘पूल’ म्हणतात. अधिक धोक्याच्या गटांतून सर्वसामान्य समाजात लागण ज्यांच्यामार्फत येऊ शकते, असे लोक. रोगाच्या हिशेबापुरती ही संज्ञा ठीक आहे. पण ती शिवीसारखी वापरण्याचा मोह आपल्या मध्यमवर्गाने टाळला पाहिजे. ज्या मोटारीत आपण बसतो, तिचे सुटे भाग याच हातांनी जुळविले आहेत. त्यांना बायकामुलांसह राहता येईल असे घर आपल्या उद्योगनगरीने दिले नाही, आणि त्यांच्या एकटेपणाबद्दल बोल मात्र त्यांनाच लावला, हा न्याय नव्हे.

कायदा त्यांच्या बाजूचा आहे, हे विशेष. लागण असल्याच्या कारणावरून नोकरी नाकारलेल्या एका हंगामी कामगाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच निर्णय दिला, की काम करण्यास जो समर्थ आहे त्याला केवळ लागणीच्या कारणावरून दूर सारता येणार नाही. पुढे संसदेने २०१७ साली एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम संमत केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आहे. नोकरी देण्यापूर्वी या तपासणीची अट घालता येत नाही. माहितीपूर्वक संमतीवाचून तपासणी करता येत नाही. रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. शंभर वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे. भोसरीपासून चाकणपर्यंत अशी आस्थापने किती आहेत, याची मोजदाद औद्योगिक विकास महामंडळापाशी असेल. त्यांपैकी किती फाटकांवर तक्रार अधिकाऱ्याचे नाव लावलेले आहे, हा आमचा उद्योगपतींना सरळ प्रश्न आहे.

याला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की देशातील प्रौढांत लागणीचे प्रमाण शेकडा ०.२ च्या आसपास आहे. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? प्रमाण कमी आहे ते खटाटोप झाला म्हणून. आणि कमी प्रमाण म्हणजे थोडी माणसे नव्हेत. या देशात पंचवीस लाखांच्या आसपास लोक ही लागण घेऊन जगत आहेत आणि राज्यवार पाहता त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. धरणाला तडा लहान आहे म्हणून राखणदाराला रजा देणारा कारभारी शहाणा म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप नीतिवाद्यांचा. औषधाने भय गेले, तर स्वैराचार वाढेल, असे ते म्हणतात. त्यांना आम्ही त्या ३९१ स्त्रियांकडे बोट दाखवितो. त्यांच्यापैकी ज्यांच्या वाट्याला ही लागण आली, त्यांनी कोणता स्वैराचार केला होता? त्यांच्या पतींची वेळेवर तपासणी होऊन उपचार सुरू झाले असते, आणि आजचे ज्ञान त्या काळी हाती असते, तर त्यांतील कित्येकजणी वाचल्या असत्या. भयाने रोग लपतो. लपलेला रोग निष्पापांनाच अधिक गाठतो.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत, आणि त्यांतील एकही अशक्य कोटीतील नाही. प्रत्येक कारखान्याने तक्रार अधिकाऱ्याचे नाव, आणि लागणीच्या कारणावरून कोणास कामावरून काढले जाणार नाही ही हमी, मराठीत आणि हिंदीत फाटकावर लावावी. कंत्राटदाराच्या माणसांनाही ती स्पष्टपणे लागू करावी, कारण कायद्याचा अर्थ बहुधा कंत्राटाच्या पळवाटेतूनच निसटतो. तपासणी केंद्रे पाळीच्या वेळा पाहून, संध्याकाळी आणि साप्ताहिक सुटीच्या दिवशीही उघडी ठेवावीत. तपासणी कारखान्याच्या दवाखान्यात न होता बाहेर व्हावी, म्हणजे तिचा कागद व्यवस्थापनाच्या हाती पडणार नाही. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयासारख्या केंद्रांतून औषध घेणाऱ्यास एका खेपेस काही महिन्यांचा साठा मिळावा, म्हणजे दर महिन्याला रोज बुडणार नाही. प्रतिबंधक गोळी आणि इंजेक्शन ऐपतवाल्यांची चैन न राहता सरकारी केंद्रांत ज्याला गरज आहे त्याला मिळावे. मार्गदर्शक तत्त्वे छापून निघाली म्हणजे औषध हातात पडले, असे होत नाही.

आणखी एक मागणी दिल्लीकडे आहे. २०११ च्या ज्या चाचणीचा आपण अभिमान बाळगतो, तिच्या खर्चाचा भार अमेरिकन सरकारने उचलला होता. २०२५ साली त्याच सरकारने परदेशी मदतीला कात्री लावली आणि स्वतःच्या देशातील एच.आय.व्ही. लसीच्या दोन मोठ्या संशोधन-संघांचे अनुदान पुढे न चालविण्याचे ठरविले. दुसऱ्याच्या तिजोरीवर आपले संशोधन किती काळ चालवावयाचे? ज्या उद्योगनगरीतून केंद्राला आणि राज्याला अमाप कर मिळतो, तिच्या कुशीतील संशोधन संस्थेला स्वदेशी पैशाचे बळ मिळू नये, हे शोभणारे नाही.

चाचणीत भाग घेणाऱ्या पुण्याच्या जोडप्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत आणि ती ठाऊक होऊही नयेत. आपल्या दुःखाचा कागद त्यांनी शास्त्राच्या हाती दिला आणि त्यातून जगाला एक उपाय मिळाला. त्याची फेड पुतळे उभारून होणार नाही. भोसरीहून चाकण काही कोसांवर आहे. तेथील एखादा कंत्राटी कामगार उद्या निर्धास्तपणे तपासणीस गेला, औषध घेऊन परवा पुन्हा आपल्या यंत्रापाशी उभा राहिला, आणि गावी असलेली त्याची पत्नी निरोगी राहिली, तर ते संशोधन सार्थकी लागले असे म्हणता येईल. उद्योगपती, महापालिका आणि शासन यांनी हे अंतर तोडण्यास आता आणखी वेळ लावू नये.